तीन मोटारी, २,१६३ सुटे भाग आणि कानशीला बंदी

१/१०
जुने इंजिन उतरवले, की मिस्त्री त्याचा ब्लॉक बोअरिंगसाठी मशीन शॉपमध्ये पाठवतो आणि दुकानातून तयार ओव्हरसाइज पिस्टन आणतो. वेगवेगळ्या ठिकाणी घडलेले हे दोन भाग अचूक जुळतात. या जुळण्यामागील इतिहास समजून घेण्यासाठी १९०८ सालच्या इंग्लंडमध्ये जावे लागेल.

२/१०
त्या काळी बहुतेक मोटारींचे भाग फिटर हाताने जुळवत असत. भाग ढोबळ मापाचा येई. फिटर तो कानशीने घासून त्या एका गाडीपुरता बसवी. त्यामुळे एका गाडीचा भाग तशाच दुसऱ्या गाडीला लागेल, याची खात्री नसे.

३/१०
डेट्रॉइटच्या कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लेलँड वेगळ्या परंपरेत घडले होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात त्यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात काम केले. पुढे ते ब्राउन अँड शार्प या अवजारे बनवणाऱ्या कंपनीत होते. बंदुकीचा मोडलेला भाग बदलून लगेच दुसरा बसला पाहिजे, हा तेथील धडा त्यांनी मोटारीला लावला.

४/१०
हे केवळ सांगून कोण मानणार? इंग्लंडमधील विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांनी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या चाचणीत कॅडिलॅकच्या गाड्या उतरवल्या. २९ फेब्रुवारी १९०८ रोजी चाचणी सुरू झाली.

५/१०
विक्रेत्याच्या साठ्यातून एक-सिलिंडरच्या तीन गाड्या निवडण्यात आल्या. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर त्या चालवून पाहिल्या आणि मग पूर्णपणे खोलल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग, एकूण २,१६३.

६/१०
सर्व भागांची सरमिसळ करण्यात आली. त्यातील ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी साठ्यातील नवे भाग ठेवले. कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरचा, हे आता ओळखता येणार नव्हते.

७/१०
जुळणीसाठी हाती पाने आणि पेचकस. कानस चालवण्यास सक्त मनाई! तरीही तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या, सुरू झाल्या आणि प्रत्येकीने धावपट्टीवर ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर अंतर पूर्ण केले. कॅडिलॅकला १९०८ सालचा ड्यूअर करंडक मिळाला.

८/१०
मग कौशल्य संपले का? नाही, त्याची जागा बदलली. जुळणी करणाऱ्याच्या कानशीतील अचूकता आता यंत्रे, मापके आणि ती सांभाळणाऱ्या कारागिरांकडे गेली. जुन्या फिटरची प्रतिष्ठा मात्र त्यात हरवत गेली.

९/१०
पण झीज हा समानपणा मोडते. पिस्टन रिंगच्या घर्षणाने सिलिंडर वरच्या बाजूला अधिक झिजतो, त्याची गोलाई लंबवर्तुळाकार होते. नवा मूळ मापाचा पिस्टन त्यात सैल पडतो. हजारो सारख्या इंजिनांपैकी प्रत्येक इंजिन पुन्हा एकेकटे होते.

१०/१०
मशीन शॉप त्याला पुन्हा ठरलेल्या मापात आणते: सिलिंडर पुढच्या ओव्हरसाइजला बोअर करून होनिंग, क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग आणि त्यानुसार अंडरसाइज बेअरिंग. इंजिनकाम पाहण्याचा योग आला, तर नव्या पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा जरूर पाहा. ०.५० असेल, तर त्याचा व्यास मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा आहे. ब्रुकलँड्सला सिद्ध झालेले तत्त्व त्या आकड्यात आजही वापरात आहे.