कांस, कर्ज आणि जुना ट्रॅक्टर : १८५८ नंतरच्या झाशीची एक कथा

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला झाशी ठाऊक असते. मात्र ती १८५८ मध्ये थांबलेली असते. एप्रिलमध्ये ह्यू रोझच्या फौजा तटाच्या आत शिरल्या, शहर लुटले गेले, राणी काल्पीकडे निघून गेल्या आणि जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ त्यांना वीरमरण आले. आपला धडा तेथे संपतो. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ ज्यांनी वाचला आहे, त्यांना वेढ्यातील शहराची थोडी अधिक ओळख असते. पण त्यानंतर त्या प्रदेशातील जमिनीचे, ती कसणाऱ्यांचे आणि त्यांच्या अवजारांचे काय झाले, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात या प्रश्नाकडे वळावेसे वाटले, कारण त्याच्या उत्तरात तलवारीपेक्षा पान्याला आणि सरदारापेक्षा मिस्त्रीला मोठे स्थान आहे. आणि शाळांच्या इतिहासात ज्यांची नावे क्वचितच येतात, अशा माणसांची ती कथा आहे.

झाशीशी आपले नाते केवळ राणीपुरते नाही. १७४२ च्या सुमारास पेशव्यांचा सुभेदार नारो शंकर याने तेथील किल्ला वाढवला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी शहर वसवले. नाशिकला गोदाकाठी ज्याच्या नावाचे देऊळ आणि प्रसिद्ध घंटा आहे, तोच हा नारो शंकर. पुढे नेवाळकरांच्या कारकिर्दीत मराठी घराणी येथे स्थिरावली. बडा बाजार ही जुन्या शहरातील मोठी पेठ. मुरलीमनोहराचे मंदिर याच पेठेत आहे. कोणत्याही जुन्या शहराची अशी पेठ म्हणजे केवळ दुकानांची रांग नसते. खेड्यातील शेतकरी जेथे धान्य विकतो, तेथेच त्याला कापड, लोखंड आणि उधारी मिळते. म्हणून पेठेचा इतिहास आणि शिवाराचा इतिहास वेगळे काढता येत नाहीत.

झाशीच्या शिवाराचा खरा शत्रू एक गवत होते. त्याचे नाव कांस. उसाच्या कुळातील हे गवत शरद ऋतूत पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांनी डोलते आणि कवींना आवडते. शेतकऱ्याला मात्र ते पाहून धडकी भरते. त्याचे बी वाऱ्यावर उडून दूर जाते आणि मुळे जमिनीत कित्येक फूट खोल उतरतात. बुंदेलखंडात काळ्या जमिनीला ‘मार’ व ‘काबर’ आणि हलक्या जमिनींना ‘पडुआ’ व ‘राकड’ म्हणतात; कांसाला यांपैकी काळी जमीन विशेष मानवते. नांगरट नियमित होत असेल तर ते दबून राहते. दुष्काळात बैल मेले, माणसे गाव सोडून गेली आणि रान एक-दोन वर्षे पडीक राहिले, की ते सगळे शिवार व्यापते. मग लाकडी नांगर त्या मुळांपुढे हात टेकतो. १८६८-६९ चा दुष्काळ आणि १८९६-९७ चा दुष्काळ या दोन्ही वेळी बुंदेलखंड होरपळले, आणि प्रत्येक वेळी पडीक रानाबरोबर कांसही वाढले. शेताला बांध घालून पावसाचे पाणी कोंडावे आणि कांस कुजवावे, हा तेथील जुना उपाय. पण बांध घालायलाही पैसा लागतोच.

जमीन पिकत नसली तरी सारा भरावाच लागे. साऱ्यासाठी कर्ज, कर्जासाठी जमीन गहाण, असे चक्र इतके वाढले की सरकारला १८८२ मध्ये खास झाशीच्या कर्जबाजारी जमीनदारांसाठी कायदा करावा लागला. १९०३ मध्ये बुंदेलखंडातील शेतजमीन बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून दुसरा कायदा आला. कांस आणि कर्ज यांची ही जोडी ध्यानात ठेवली पाहिजे. पुढे यंत्र आले तेव्हा एकाने जागा सोडली, दुसऱ्याने सोडली नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे दुखणे अनोळखी वाटणार नाही. आपल्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी यांनी हाच छळ मांडला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी तो घ्यायला आधी कोणी धजत नव्हते. खोल नांगरटीचे फळ डोळ्यांनी दिसले तेव्हाच नांगर खपू लागला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. कांस मात्र बैलांच्या लोखंडी नांगरालाही सहज दाद देणारे नव्हते.

त्याला दाद द्यायला लावली ती जुन्या ट्रॅक्टरांनी. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन सैन्याने भारतात बरीच अवजड यंत्रे मागे ठेवली. त्यांत युद्धकाळातील बांधकामांवर राबलेले, साखळीपट्ट्यांवर चालणारे ट्रॅक्टर होते. १९४७ मध्ये केंद्र सरकारने ‘सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन’ स्थापन केली आणि हे वापरलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून कांसग्रस्त जमिनीत उतरवले. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, अन्नधान्याची तीव्र टंचाई होती, आणि मध्य भारतात लाखो एकर जमीन या गवताखाली अडकून पडली होती. पद्धत साधी पण कष्टाची होती. ऐन उन्हाळ्यात फूटभर खोल नांगरट करायची, मुळ्या वर काढायच्या आणि बाकीचे काम उन्हावर सोपवायचे. पाऊस पडला की हंगाम संपला. म्हणजे ट्रॅक्टर मे महिन्यात आठ दिवस बंद पडला, तर ते आठ दिवस त्या वर्षी पुन्हा मिळत नसत. सैन्याच्या यंत्रांचे सुटे भाग पेठेत मिळण्यासारखे नव्हते. अशा वेळी यंत्र किती अश्वशक्तीचे आहे यापेक्षा ते किती लवकर पुन्हा चालू होते, याला अधिक महत्त्व आले.

सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, ते प्रामुख्याने या कांस-निर्मूलनासाठी. रेल्वेसाठी मिळालेल्या कर्जानंतर या बँकेचे भारताला मिळालेले हे दुसरेच कर्ज. नवे ट्रॅक्टर आले, त्यांबरोबर चालक आणि यंत्रदुरुस्ती करणारे कारागीर तयार करण्याची निकडही आली. भोपाळजवळच्या बैरागढमध्ये ‘सीटीओ’ हे वस्तीचे नाव आजही त्या संघटनेची आठवण ठेवून आहे. १९५५ मध्ये नर्मदेच्या काठी बुधनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले; पुढे देशात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांची चाचणीही तेथे होऊ लागली. ज्या जमिनीने गवतापायी इतके सोसले, त्याच झाशीत १९६२ मध्ये गवत व चारा यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, हा योगही नोंदवण्यासारखा आहे.

सरकारी ट्रॅक्टर हंगामापुरता येई आणि निघून जाई. शेतकऱ्याच्या बांधावर कायमचे राहायला आले ते लहान डिझेल इंजिन. या क्षेत्रात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला सुरुवात केली. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारागिरांनी ओतकाम आणि लेथ यांच्या बळावर इंजिने व त्यांचे भाग घडवले. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचे मिनिटाला ६५० फेरे घेणारे, दोन जड चाकांचे संथ इंजिन इतके टिकाऊ ठरले की राजकोटपासून अनेक ठिकाणी त्याच्या नकला झाल्या. बुंदेलखंडातील दगडी विहिरींवर जेथे रहाट कुरकुरत होते, तेथे अशा इंजिनांचा ठेका ऐकू येऊ लागला. तेच इंजिन दिवसा पाणी उपसे आणि पट्टा बदलला की पिठाची चक्की फिरवी.

ट्रॅक्टर मात्र दीर्घकाळ दुर्मीळच होता. १९५१ मध्ये साऱ्या देशात साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. १९६१ मध्ये ३१ हजार. फरिदाबादला आयशरचा देशी ट्रॅक्टर १९५९ मध्ये बाहेर पडला, तरी १९६१-६२ मध्ये देशात एकूण ८८० ट्रॅक्टरच तयार झाले. १९६३ मध्ये महिंद्र समूहाने मुंबईत इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी स्थापन केली, आणि १९७४ मध्ये देशी आराखड्यावर बनलेला ‘स्वराज’ आला. मागणी मोठी आणि पुरवठा थोडा, अशा काळात नव्यासाठी नाव नोंदवून वाट पाहण्यापेक्षा जुना घेणे अनेकांना परवडे. एकाच ट्रॅक्टरने तीन-तीन मालक पाहिले. प्रत्येक मालकाच्या हाती तो टिकला, तो कोणा मिस्त्रीमुळे. झाशीत तर दुरुस्तीचे संस्कार आधीपासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे रेल्वेची कार्यशाळा उभी राहिली होती आणि लोखंडाशी बोलणारे हात शहरात तयार होत होते.

जुना ट्रॅक्टर पारखणे ही एक विद्याच आहे, आणि ती पुस्तकांपेक्षा अनुभवातून अधिक चालत आली आहे. जाणता मिस्त्री विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेले इंजिन पाहत नाही. ते थंड असताना चालू करायला सांगतो, कारण थंड इंजिन खोटे बोलत नाही. धूर काळा असेल तर हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. निळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजून ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा पाणी आत उतरते आहे. ऑइल दुधासारखे दिसले किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, तर गॅस्केट किंवा हेड यांची शंका घ्यावी. मागे अवजार लावून लिफ्ट उचलावी, इंजिन बंद करावे आणि अवजार किती वेळात खाली येते ते पाहावे. पुढच्या चाकांचा खेळ हाताने हलवून पाहावा. इतके झाल्यावर कागद पाहावेत. इंजिन आणि चासी यांचे क्रमांक आरसी बुकाशी जुळले पाहिजेत. बँकेचा बोजा असेल तर ना-हरकत पत्र आणि बोजा उतरल्याची नोंद हाती आल्याशिवाय रक्कम देऊ नये. यंत्रातील दोष पैशाने दुरुस्त होतो, कागदातील दोष पिढ्यांना पुरतो.

देखभालीचे सूत्र त्याहून साधे आहे. डिझेल इंजिनाचे दोन वैरी: धूळ आणि पाणी. पंप आणि नोझल यांतील फटी केसाहून कितीतरी बारीक असतात. पिंपातले डिझेल स्थिर होऊ न देता टाकीत ओतले, तर एका पावसाळ्यात पंप निकामी होतो. हवा गाळणाऱ्या भांड्यातील तेल नांगरटीच्या दिवसांत रोज पाहावे लागते. ते पाहिले नाही तर मातीचे कण लायनर घासून काढतात आणि हजारो रुपयांचे इंजिन नव्याने बांधावे लागते. पाच मिनिटांच्या कामाकडे दुर्लक्ष करून पाच महिन्यांचे उत्पन्न घालवल्याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत.

येथे पुन्हा कर्जाकडे यावे लागते. गेल्या काही दशकांत बुंदेलखंडात बँकांनी जमीन तारण घेऊन ट्रॅक्टरसाठी कर्जे दिली. चार-पाच एकरांच्या मालकाला वर्षातून मोजकेच दिवस ट्रॅक्टर लागतो. उरलेल्या दिवसांत भाड्याचे काम मिळाले नाही आणि पाऊसही रुसला, की हप्ते थकतात. मग ट्रॅक्टर ओढून नेला जातो, लिलावात निघतो आणि दुसऱ्या कोणाच्या दारात ‘स्वस्त जुना ट्रॅक्टर’ म्हणून उभा राहतो. १८८२ च्या कायद्याने ज्या दुखण्यावर मलमपट्टी केली, ते दुखणे नव्या रूपात परतले. स्वस्तात ट्रॅक्टर घेणाऱ्याने तो कोणाच्या दारातून निघाला, हे एकदा आठवावे. आणि आपल्या सातबाऱ्यावर बोजा चढवण्यापूर्वी वर्षात किती तास काम मिळेल, याचा हिशेब मांडावा. तो हिशेब मांडायला सातवीपर्यंतचे गणित पुरते. नवे की जुने, हा प्रश्न त्यानंतरचा.

हीरक महोत्सव म्हणजे मागे पाहण्याचा प्रसंग. शाळेतून बाहेर पडलेल्या साठ वर्षांच्या विद्यार्थ्यांत डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी यांची यादी आपण अभिमानाने करतो, आणि ती करावीच. पण दहावीनंतर आयटीआयला गेलेला, कोठेतरी रस्त्याकडेच्या शेडमध्ये हाताला ग्रीस लावून बसलेला माजी विद्यार्थी त्या यादीत क्वचित सापडतो. कांसाखाली गेलेली जमीन परत मिळाली, ती केवळ सरकारी निर्णयाने किंवा परदेशी कर्जाने नव्हे. युद्धात झिजलेली यंत्रे ज्यांनी उघडली, जुळवली आणि मे महिन्याच्या उन्हात चालती ठेवली, त्यांच्या विद्येने. ती विद्या शिकायला अक्षर, अंक आणि निरीक्षण लागते; तीनही गोष्टी शाळाच देते. आपला मुलगा किंवा मुलगी यंत्राकडे वळू पाहत असेल, तर पालकांनी तो कमी प्रतीचा मार्ग समजू नये, आणि पुढच्या ग्रंथात त्यांची नावेही मानाने छापली जावीत.