सुट्या भागांची शाळा

बंद पडलेले घड्याळ किंवा मिक्सर उघडून त्याच्या भागांतून मुलांना शिल्प करायला शिकवणे म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’, असे आपण सहज म्हणतो. मला यात काटकसरीपेक्षा जुना शिक्षणविचार दिसतो. फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग इथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्याच्या साधनांत आठ छोट्या ठोकळ्यांत सुटणारा एक लाकडी घन होता. मुलाने त्याची खुर्ची करावी, जिना करावा. पण एकही तुकडा बाजूला टाकायचा नाही आणि शेवटी घन पुन्हा जुळवायचा. या परंपरेत शिक्षक म्हणून तयार झालेल्या योहानेस इटेनने १९१९ पासून वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत विद्यार्थ्यांना लाकूड, काच, तार, पत्रा यांच्या भंगारातून रचना करायला लावल्या. इथे पूर्वरूपाकडे परतण्याची अट गळाली. माझ्या मते खरा बदल तोच.

पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत टंचाईच होती, असा आक्षेप येईल. टंचाईमुळे भंगार का वापरले ते कळते. खरखरीत-गुळगुळीत, चकचकीत-मंद असा विरोध हाताने आणि डोळ्यांनी ओळखण्याचा इटेनचा आग्रह मात्र त्यातून कळत नाही. ही पद्धत प्रौढांसाठीच होती, हेही अर्धेच खरे. इटेनची विद्यार्थिनी फ्रीडल डिकर-ब्रांडाइस हिने १९४२ ते १९४४ या काळात तेरेझिनच्या नाझी छळछावणीत मुलांना चित्रकला शिकवली. तिथली चिकटचित्रे कचेरीतल्या वापरलेल्या कागदांतून झाली. टंचाई तिथे पराकोटीची होती, तरी धडे पोत, लय आणि रचनेचेच राहिले.