सोऱ्याची माती कोणी खरवडली?

शोभेची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. आतषबाजीची वर्णने दरबारी इतिहासात विपुल सापडतात. मी मात्र तो सोरा काढणारे हात शोधतो.

ते हात बिहारच्या नोनियांचे. ‘नोन’ म्हणजे मीठ. आपले ‘लोण’ तेच. पडक्या भिंतींची, गोठ्याभोवतीची लोणा धरलेली माती हे लोक खरवडत, पाण्यात निथळत, ते पाणी आटवून कच्चा सोरा काढत. तो पुन्हा शुद्ध केला की कलमी सोरा होई. कोणती माती सोरा देईल हे ओळखणे हे रसायनशास्त्रच होते. पण ग्रंथांनी त्याला विद्या म्हटले नाही.

सतराव्या शतकात डच व इंग्रज व्यापारी या सोऱ्यासाठी पाटण्यास आले. १७५८ साली ईस्ट इंडिया कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. सोऱ्यात मीठमाती किती, हे तपासून व्यापारी भाव कापत. श्रमाला असे काटेकोर माप कधी लागले नाही. पुढे चिलीचे खनिज नायट्रेट बाजारात आले, धंदा खालावला आणि पुष्कळ नोनिया माती खोदण्याच्या मजुरीला लागले.

सोऱ्याचा इतिहास वखारीच्या वहीतून पुष्कळ लिहिला गेला. आता तो नोनियांच्या खुरप्यापासून लिहिला पाहिजे.