‘करून घेतलेलं बरं’ या समजुतीविषयी

गाडी सर्व्हिसिंगला दिली की दुपारपर्यंत सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा फोन येतो. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनर, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग अशी यादी तो भराभर वाचून दाखवतो. पलीकडून बहुधा एकच उत्तर मिळतं, ‘तुम्ही म्हणताय तर करून टाका.’ हे उत्तर देणारे लोक निष्काळजी नसतात. गाडीला जपणारेच असतात, आणि म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं.

त्यांचा पूर्वपक्ष असा. अधिकृत केंद्र कंपनीचं, तिथल्या माणसाला गाडीतलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. नाही म्हटलं आणि उद्या काही बिघडलं, तर वॉरंटी नाकारतील. आणि समजा एखादं काम गरजेचं नव्हतं, तरी त्यात चार पैसे जातील, गाडीचं वाईट तर होणार नाही. तिन्ही मुद्दे वरवर पटण्यासारखे आहेत. माझ्या मते तिन्ही टिकत नाहीत.

डीलर म्हणजे कंपनी नव्हे. कंपनीशी करार केलेला तो स्वतंत्र व्यावसायिक असतो. नव्या गाडीच्या विक्रीत त्याला फारसं सुटत नाही, त्यामुळे वर्कशॉपच्या उत्पन्नावर त्याची मोठी भिस्त असते. अ‍ॅडव्हायझरला अशा जादा कामांचं महिन्याचं टार्गेट दिलेलं असतं. म्हणून तो खोटं बोलतो असं नाही. पण त्याच्या यादीत गाडीची गरज आणि टार्गेटची गरज एकमेकांत मिसळलेल्या असतात आणि त्या निवडून वेगळ्या करणं मालकावर येतं.

कंपनीचं मत हवं असेल तर ते छापील मिळतं. ओनर्स मॅन्युअलमध्ये मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता असतो. वरच्या ओळीत किलोमीटर आणि महिने, डावीकडे भागांची नावं, आणि बऱ्याच मॅन्युअलमध्ये प्रत्येक चौकोनात एक अक्षर. ‘आर’ असेल तर तो भाग बदलायचा, ‘आय’ असेल तर तपासायचा आणि गरज दिसली तरच पुढचं काम करायचं. घोळ होतो तो इथेच. तक्त्यात ब्रेक पॅडसमोर ‘आय’ असतो आणि एस्टिमेटमध्ये ‘पॅड बदलणे’ असं येतं. इंजिन फ्लशची तर बहुतेक तक्त्यांत ओळच नसते. ज्यांनी इंजिन घडवलं त्यांनी सांगितलेलं नाही, ते केवळ कंपनीच्या पाटीखाली सांगितलं जातं म्हणून कंपनीचं मत ठरत नाही.

त्याच तक्त्याजवळ आणखी एक भाग असतो आणि तो फार थोडे लोक वाचतात. धूळ, जवळच्या जवळ छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत चालू राहिलेलं इंजिन, अशा खडतर वापरासाठी मुदती कमी केलेल्या असतात. रोज हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून जाणारी गाडी याच वर्गात मोडते. तिथे किलोमीटर कमी पडतात, पण इंजिन तासन् तास चालतं. अशा गाडीचं ऑइल लवकर बदला असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं तर ते बरोबर आहे, आणि तेही मॅन्युअलच्या आधारावरच बरोबर आहे.

आता वॉरंटी. भीती बसते ती मुख्यतः या शब्दाची. वॉरंटीसाठी नियतकालिक सर्व्हिस वेळेवर झालेली असावी आणि तिच्या नोंदी असाव्यात, ही अट खरी आहे आणि ती पाळावी. ती न पाळणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण ही अट शेड्यूलमधल्या कामांची आहे. शेड्यूलबाहेरचं कोटिंग किंवा क्लीनिंग नाकारल्याने ती मोडत नाही. बाहेरच्या गॅरेजबद्दल बोलायचं, तर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच साखळीत अडवून ठेवल्याचं ते प्रकरण होतं. बाहेर दुरुस्ती केली की वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट घालू नये, असं आयोगाने त्या आदेशात बजावलं. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, ही मर्यादा त्याने घालून दिली. कंपन्या अपिलात गेल्या. तीन कंपन्यांच्या अपिलावर २०१६ मध्ये निकाल देताना अपील न्यायाधिकरणाने दंड मोजण्याची पद्धत बदलली, मूळ निष्कर्ष मात्र कायम राहिला. तेव्हा ‘वॉरंटी जाईल’ असं कोणी तोंडी सांगितलं तर नेमकं कोणतं कलम, एवढं विचारावं आणि उत्तर लेखी मागावं.

तिसरा मुद्दा सर्वांत भक्कम वाटतो आणि सर्वांत पोकळ आहे. जादा काम निरुपद्रवी असतं हे खरं नाही. फ्लशचं द्रावण जुन्या ऑइलबरोबर निथळतं, पण सगळं निथळत नाही. उरलेलं नव्या ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करतं. जुन्या, आत गाळ धरलेल्या इंजिनात सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसू शकतो. कागदी एअर फिल्टर जोराच्या हवेने वारंवार झाडला तर त्याला बारीक छिद्रं पडतात आणि धूळ थेट आत जाते. अंडरबॉडी कोटिंग ओल्या मातीवर मारलं, किंवा दाराखालची पाणी निथळण्याची भोकं त्यात बुजली, तर ओल आत अडकते आणि ज्या गंजाच्या भीतीने खर्च केला तोच आतून वाढतो. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीला कोटिंगचा उपयोग आहे, पण खालची बाजू धुऊन पूर्ण वाळवल्यावरच. टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्यायला हरकत नाही, मात्र साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

याहून मोठं नुकसान घरखर्चाच्या हिशेबात होतं. कुटुंबाचं गाडीवरचं बजेट ठरलेलं असतं. चार हजार कोटिंगमध्ये गेले की ‘टायर पुढच्या वर्षी बघू’ असं ठरतं. चकाकणारी गाडी झिजलेल्या टायरवर पावसाळ्यात एक्स्प्रेसवेला निघते.

उलट बाजूला एक वर्ग असा आहे की ज्याला सर्व्हिस सेंटरचं प्रत्येक सांगणं लूट वाटतं. ऑइल आणि फिल्टर बदला, बाकी सगळी थापेबाजी, असं हे लोक छातीठोक सांगतात. त्यांचंही खंडन करायला हवं, कारण त्यांची चूक जिवावर बेतू शकते. ब्रेक ऑइलचंच घ्या. ते ग्लायकॉल जातीचं असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आता आंबेनळी घाट उतरणारी भरलेली गाडी डोळ्यांसमोर आणा. चालक खालचा गिअर न टाकता वळणावळणाला ब्रेक दाबतो आहे. पॅड तापतात, उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोहोचते, ऑइल उकळतं आणि त्यात वाफ धरते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. ऑइलची पातळी बरोबर आहे, गळती नाही, रोजच्या शहरातल्या वापरात ब्रेकही उत्तम लागतात, म्हणून हे काम ‘लूट’ ठरवून वर्षानुवर्षं टाळलं जातं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये त्याची दोन-तीन वर्षांची मुदत दिलेली असते.

म्हणजे कसोटी सांगणारा कोण, ही नाही. कारण काय आणि मोजमाप किती, ही आहे. पॅड बदला म्हणतात, तर किती मिलिमीटर उरलेत? बॅटरी गेली म्हणतात, तर लोड टेस्टचा आकडा काय आला? अलाइनमेंट करायचं, तर गाडी एका बाजूला ओढते का, टायर एका कडेला जास्त झिजलेत का? टायरचं तर विचारायलाही नको. खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत रबर झिजलं की टायर संपला. त्याच्या अंगावरचे चार आकडे वय सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. थ्रॉटल बॉडी साफ करायचं कारण सिग्नलला इंजिन थरथरणं हे असू शकतं, ‘वीस हजार झाले’ हे नव्हे. चांगला अ‍ॅडव्हायझर या प्रश्नांनी रागावत नाही. तो तुम्हाला लिफ्टखाली नेऊन पॅड दाखवतो, आणि असे अ‍ॅडव्हायझर आहेत.

न सांगता केलेल्या कामाचे पैसे लावले, तर एस्टिमेट आणि बिल जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आणि हा लेख वाचून झाल्यावर एक करा. गाडीची जुनी बिलं काढून ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते शोधा. मॅन्युअलमधली मुदत उलटली असेल, किंवा नोंदच सापडत नसेल, तर पुढच्या घाटाआधी ते बदलून घ्या.