दिनविशेष : १२ जुलै – कासियासचा एकाकी निरोप

२०१५ साली याच दिवशी रेआल माद्रिदचा कर्णधार आणि गोलरक्षक इकर कासियास याने सान्तियागो बेर्नाबेऊ मैदानावरील पत्रकार कक्षात एकट्यानेच निवेदन वाचून क्लबचा निरोप घेतला. शेजारी ना अध्यक्ष होते, ना सहकारी. नवव्या वर्षी क्लबमध्ये आलेला हा खेळाडू मुख्य संघाकडून ७२५ सामने खेळला. ५ ला लिगा आणि ३ चॅम्पियन्स लीग विजेतेपदांत त्याचा वाटा होता. स्पेनचा कर्णधार म्हणून त्याने विश्वचषक उंचावला, त्याला आदल्याच दिवशी पाच वर्षे झाली होती.

व्यावसायिक क्लब भावनेवर चालत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. कासियासचा खेळ उतरणीला लागला होता. २०१४च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात त्याचा अंदाज चुकला आणि गोल झाला, घरचे प्रेक्षकही त्याची हुर्यो उडवू लागले होते. पण खेळाडूला सोडण्याचा निर्णय आणि त्याला निरोप देण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला व्यवहार असतो, दुसरीतून संस्थेचे संस्कार दिसतात. टीका होताच दुसऱ्या दिवशी अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेस यांच्या उपस्थितीत समारंभ झाला, तेव्हा उणीव क्लबलाही जाणवली असावी. पुढे पोर्तोकडून त्याने २०१८ मध्ये पोर्तुगालची लीग जिंकली. म्हणजे तो अगदीच संपलेला नव्हता. खेळाडूंकडून निष्ठेची अपेक्षा ठेवणाऱ्या क्लबने निरोपाचा मान वेळेवर द्यायला हवा. मागाहून केलेला सत्कार ही भरपाई ठरते, कृतज्ञता नव्हे.