वजन कमी करण्याचं इंजेक्शन घेताय? आधी एवढं माहीत करून घ्या

वजन कमी करणारी मौंजारो (टिर्झेपेटाइड) आणि वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) ही इंजेक्शनं २०२५ पासून भारतात मिळू लागली. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

डोस : आठवड्यातून एकदा, कातडीखाली. सुरुवात टिर्झेपेटाइडची २.५ आणि सेमाग्लुटाइडची ०.२५ मिलिग्रॅमने. चार आठवड्यांनी डॉक्टर वाढवतील. लवकर बारीक व्हायचं म्हणून मनाने वाढवू नका.

त्रास : मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता. पोटात जोराची कळ येऊन थांबत नसेल तर लगेच दवाखाना गाठा; स्वादुपिंडाला सूज असू शकते.

शुगरवाल्यांनी जपा : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या औषधाने भूक मरते. त्यात उपाशीपोटी रानात गेलं तर साखर एकदम उतरते. घाम सुटला, हातपाय थरथरले तर लगेच साखर खा.

कोणी घेऊ नये : गरोदर बाया, घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झालेले.

साठवण : फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं पेन वापरू नका. लाईट फार वेळ जात असेल तर काय करायचं, ते घेतानाच विचारा.

औषध बंद केलं की बहुतेकांचं वजन पुन्हा वाढतं. म्हणून पुढच्या खर्चाचा हिशेब आधीच करा.