‘फ्लिम्झी’ आणि मराठी

इंग्रजींत ‘फ्लिम्झी’ असा एक शब्द आहे. विरळ विणीच्या कापडास तो लागतो, हात लावतांच डुगडुगणाऱ्या मेजास लागतो आणि न्यायाधीशापुढें न टिकणाऱ्या सबबीसही लागतो. सुमारें १७०० सालच्या सुमारास तो रूढ झाला. ‘फिल्म’ म्हणजे पातळ पापुद्रा, त्यावरूनच तो निघाला असावा असा तर्क आहे. पुढें बातमीदार ज्या पातळ कागदावर नकला काढीत, त्या कागदासच हें नांव पडलें.

मराठींत हा शब्द आणूं गेल्यास दारीं पांच-सहा शब्द उभे राहतात. कापड विरविरीत, खेळणें तकलादू, खुर्ची खिळखिळी, माणूस लेचापेचा, सबब लंगडी. एकाच्या जागीं दुसरा बसत नाहीं. सबबीस कोणी विरविरीत म्हणत नाहीं. आणि खुर्चीला लंगडी म्हटलें तर तिचा एक पाय आंखूड आहे एवढाच बोध होतो. वस्तूचें दुबळेपण विणींत आहे कीं सांध्यांत आहे, हें मराठी बोलणारा आधीं पाहतो. अर्थात् इंग्रजी अगदींच ढोबळ नव्हे. म्हाताऱ्या आजीस तेथें ‘फ्रेल’ म्हणतील, ‘फ्लिम्झी’ कधींच नाहीं. ‘फीबल’ हा शब्द तर ‘रडण्याजोगा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे.

या पेंचाची खरी झळ कोशकारांस लागली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला. उलट दिशेचा, इंग्रजी-मराठी कोशही त्यांनींच आरंभिला. पण प्रकृतीनें साथ सोडली आणि त्यांस विलायतेस परतावें लागलें. काम थॉमस कँडी यांच्याकडे आलें व १८४७ सालीं पुरें झालें. कँडी हे पुण्यांतील विश्रामबागवाड्याच्या संस्कृत पाठशाळेवर अधिकारी होते. मराठी शब्दाचा अर्थ शास्त्रीबोवांस विचारतां येई. परंतु इंग्रजी शब्दाच्या पोटांत किती मराठी शब्द दडले आहेत, हें विचारावें कोणास? त्यासाठीं विणकर, सुतार आणि वकील असे तिघेही हवेत!

प्रश्न कोशापुरता असता तर फारसें बिघडलें नसतें. पुढें सरकारी भाषांतराचें काम कँडींकडे होतें आणि शाळेचीं मराठी पुस्तकें त्यांच्या नजरेखालून जात. त्यामुळें प्रत्येक ठिकाणीं ‘दुर्बळ’ घालून मोकळें होण्याची संवय जडली, तर ती एका लेखकाची न राहतां सगळ्या वर्गाची होई. कचेरींत तर अधिकच जोखीम. ‘साक्ष दुर्बळ’ म्हटल्यानें साक्षीदार आजारी असल्याचा भास होतो. ‘साक्ष लंगडी’ म्हणतांच तींतील व्यंग उघडें पडतें.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ सालीं निबंधमाला काढली, ती मराठीच्या तत्कालीन स्थितीची चर्चा करीतच. इंग्रजी वळणाची मराठी त्यांस खपत नसे. नीलकंठ बाबाजी रानडे यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश विसाव्या शतकाच्या आरंभीं खंडशः निघूं लागला. ‘तकलादू’ या शब्दास मात्र कोणत्याच कोशाची गरज पडली नाहीं. तुळशीबागेंत खेळणें उलटेंपालटें करून पाहणाऱ्या बायकांच्या तोंडीं तो आजही आहे, आणि तो ऐकला कीं दुकानदार किंमत उतरवूं लागतो.